जत्रेतला बेंजोवाला आणि आमचे साडेबारा टक्के

भरतीओहोटी (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री १२.२०

आत्ताच जत्रेतून आलोय. झोप येत नाहीये म्हणून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गेलो होतो खरं तर जेवायला. नवी मुंबईत नेरुळच्या मैदानावर जत्रा लागलीय, आगरी-कोळी जेवणाचे स्टॉल आहेत. बायकोला निवट्यांचं कालवण, लेकीला आकाशपाळणा आणि मला दोघींच्या पिशव्या धरून उभं राहणं, असा कार्यक्रम ठरलेला. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. निवटी म्हणजे काय हे मला इथे राहायला आल्यावर कळलं. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. पहिल्या घासाला त्या उड्या डोळ्यांसमोर येतात, तिसऱ्या घासाला आपणच दुसरी भाकरी मागतो.

भाकरी संपत आली तेव्हा स्टेजवरून बेंजो वाजला. हळदीचं एक गाणं, इथल्या प्रत्येक लग्नात वाजणारं. गाणारा माणूस पन्नाशीचा, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात करंगळीएवढी जाड सोन्याची चेन, मांडीवर बेंजो. पहिल्या दोन ओळी त्याने अगदी मन लावून, गंभीर चेहऱ्याने म्हटल्या. पुढच्या रांगेतल्या बायका उठून नाचायलाही लागल्या. तिसऱ्या ओळीला गडी नवरीला तिथेच सोडून हळदीच्या बिलात शिरला. मटण किती किलो, डीजेचे किती, बॅनरवर भाऊंचे फोटो किती, बॅनरवर न आलेला भाऊ रुसून कुठे बसला. आणि शेवटी, "हळदीला जेवला सगला गाव, लग्नाला उरले भटजी नि नवरा-नवरी!" नाचणाऱ्या बायकाच सगळ्यात आधी हसत खाली बसल्या.

मग म्हणाला, "चेनीकडं बघू नका. आमची मानसं सोन्याशिवाय घराबाहेर परत नाय असं लोक बोलतान, म्हनून घातली. जत्रेतलीच हाय. शंभरला दोन."

मी पिशव्या खाली ठेवल्या.

पुढे दीड तास आम्ही तिथून हललो नाही. खुर्च्या संपल्या होत्या, मी एका उलट्या क्रेटवर बसलो. लेक पाळण्यात बसून आली, पुन्हा बसून आली, शेवटी तीही येऊन टेकली. ट्रान्सहार्बर लोकलवर एक गाणं झालं. त्यात ठाण्याला निघालेला नवरदेव झोप लागून पनवेलला उतरतो आणि वरात तुर्भ्याला थांबून राहते. मध्येच बेंजोची तार तुटली. खाडकन. मला वाटलं, झालं, आता ध्वनिमुद्रित ट्रॅक लावतील. याने लाइटवाल्याकडून पक्कड मागून घेतली, मांडीवर बेंजो आडवा ठेवला आणि तार बदलता बदलता सासऱ्याने हुंड्यात बेंजो दिल्याची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तेव्हा तार बसलेली होती, सुरात लावून झालेली होती, आणि पक्कड परत देताना तो लाइटवाल्याला म्हणाला, "आता तुजी वायर कनी जोडायची?" कारण तोवर डावीकडचे दिवे गेले होते.

आता मूळ मुद्दा, ज्यामुळे झोप येत नाहीये.

शेवटून दुसरं गाणं साडेबारा टक्क्यांवर होतं. चाल जुन्या कोळीगीताची. धृपद मला तेवढं नीट आठवतंय:

साडेबारा बोलले रं दादा, साडेबारा बोलले
घरी येऊन मोजलं तं पावनेनऊच भरले!

मैदान फुटलं. माझ्या शेजारी एक सत्तरीचे आजोबा होते, ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि त्यांच्या नातवाने पाठ चोळली. मीही हसलो. खळखळून हसलो. आणि मग एकदम लक्षात आलं की आमच्या सोसायटीच्या कागदपत्रांत पहिल्याच पानावर लिहिलंय, प्लॉट साडेबारा टक्के योजनेतला. म्हणजे कुणाच्या तरी आजोबांना जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर माझा दोन बेडरूम-हॉल-किचन उभा आहे आणि मी त्याच्यावरच्या विनोदाला टाळ्या वाजवतोय. ते आजोबा हसतात ते ठीक. मी कोणत्या नात्याने हसलो?

बायको म्हणते, तू फार विचार करतोस, निवटी पचली नसतील.

दहा वाजून वीस मिनिटांनी पोलीस आले आणि आवाज बंद झाला. शेवटचं गाणं अर्ध्यावर राहिलं, त्याबद्दल नंतर लिहितो. कुणी गेलं होतं का काल-परवा? आणि हे पावणेनऊचं गणित कुणी समजावेल का? हसलो खरा, पण मला ते कळलेलं नाही.

टिंबटिंब | शनिवार, सकाळी ७.०५

निवट्यांची प्लेट कितीला? महत्त्वाचं आधी.

भरतीओहोटी | ७.३०

बायकोने पैसे दिले. मी पिशव्या धरून होतो.

खाडीकाठ | ८.१५

धागा आवडला. मी करावे गावातला. ते ठसका लागलेले आजोबा आमच्या आळीतले असावेत, त्यांना दर वर्षी लागतो.

गणित सोपं आहे. नवी मुंबईसाठी १९७० पासून ९५ गावांची जमीन घेतली. भातशेती, मिठागरं, सगळी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आम्ही आगरी, असं घरात सांगतात. दर मिळाला तो तुम्ही आज जत्रेत एका संध्याकाळी खर्च कराल तेवढा, असं आमचा आजा सांगायचा. १९८४ च्या जानेवारीत उरणकडे, जासईच्या बाजूला, शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण गेले. त्यातून पुढे ठरलं की जेवढी जमीन घेतली त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा. पण त्यातला पावणेचार टक्के रस्ते, शाळा, मैदानं अशा सार्वजनिक सोयींसाठी कापून घेतात. साडेबारातून पावणेचार वजा करा.

पावणेनऊ. एका गुंठ्यामागे किती, ते तुम्हीच काढा.

आता तुमचा प्रश्न. हसा हो बिनधास्त. तुम्ही प्लॉट चोरला नाहीत, फ्लॅट विकत घेतलात, हप्ते भरताय. तो भूखंड आमच्यातल्याच कुणीतरी बिल्डरला दिला, त्या पैशांत घर बांधलं, गाडी घेतली, आणि हळदीला अख्खा गाव जेवू घातला. पहिलं गाणं त्याच्यावरच होतं ना? म्हणून तर तो हळदीचं गाणं आधी म्हणतो आणि साडेबाराचं शेवटी. आधी घरच्यांची उतरवतो. उलटं म्हटलं तर ते भाषण होईल, आणि भाषणं आम्ही पुष्कळ ऐकलीत.

एक मात्र आहे. ते गाणं तुमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात तुम्ही म्हणू नका. तिथे ते वेगळं गाणं होईल.

भरतीओहोटी | ८.४०

शेवटची ओळ दोनदा वाचली. बरोबर आहे. आमच्याकडे गणपतीत एक काका आगरी बोलीची नक्कल करतात, सगळे हसतात, मीही हसत आलोय. या वर्षी जड जाईल.

ताणतंबोरा | १०.१०

मी साउंडच्या धंद्यात आहे, नवी मुंबईतच, पण या जत्रेत माझं काम नव्हतं. तार बदलल्याचा प्रसंग वाचून हेवा वाटला.

बेंजो म्हणजे इंग्रजी सिनेमातला तो चामडं लावलेला बॅन्जो नव्हे, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा थोरला भाऊ. त्याचं मूळ जपानी. १९१२ साली नागोयात ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. ते वाद्य समुद्रामार्गे आपल्याकडे आलं, त्याला आवाज मोठा करायला विजेचा पिकअप लागला, आणि गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी झाली. जपान्यांना हे सांगितलं तर त्यांना चक्कर येईल.

त्याचा विनोदाशी संबंध असा की बेंजोला माणसाच्या गळ्यासारखा खेचलेला सूर काढता येतो. मूळ गाणं दोन ओळींत ओळखू येतं. विडंबनात तेच तर हवं. ऐकणाऱ्याने मूळ गाणं आधी मनात म्हटलं पाहिजे, मगच बदललेला शब्द लागतो.

आणि विनोदी गाण्याचा साउंड करणं हे नाचाच्या गाण्यापेक्षा अवघड काम आहे, यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नाचाला बास दिला की झालं. इथे 'पावणेनऊ' हा एक शब्द ऐकू आला नाही तर गाणं मेलं. व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येतात, आणि नेमका त्याच पट्ट्यात बेंजो किंचाळतो. म्हणून गायकाचा माइक वर आणि बेंजो त्या जागी थोडा कापायचा. बहुतेक ठिकाणी ऑपरेटर उलट करतो, कारण लोक 'बेंजो वाढव' म्हणून ओरडतात. काल शब्द नीट कळले असतील तर ऑपरेटरला चहा पाजा.

टिंबटिंब | १०.२५

चहा कितीला?

सेक्टर_अठ्ठावीस | ११.००

११२ ला फोन मी केला होता.

सगळ्यांना जत्रेचं कौतुक आहे, चालू द्या. माझं घर मैदानाच्या भिंतीला लागून तिसऱ्या मजल्यावर आहे. आई ८१ वर्षांची, पक्षाघातानंतर अंथरुणावर आहे. पाच दिवस काचा थरथरताहेत. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण हा दिवस त्यात नव्हता, मी जिल्हाधिकाऱ्यांची यादी बघितली. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ४५ म्हणजे आपण दोघे घरात हळू आवाजात बोलतो तेवढं. १० वाजता फोन केला नाही. १५ मिनिटं थांबलो.

साडेबारा टक्क्यांचं गाणं असेल चांगलं. मला घरात फक्त ढम ढम ऐकू येतं, शब्द नाही.

खाडीकाठ | ११.२०

साहेब, तक्रार बरोबर आहे. आयोजकांना आम्हीही सांगितलं होतं की भिंतीकडचे बास बॉक्स वळवा.

ताणतंबोरा | ११.३५

भिंतीपलीकडे शब्द न जाता फक्त ढम ढम जातं, याचं कारण बासच्या लाटा लांब असतात, त्या भिंतीला जुमानत नाहीत. सब-वूफर स्टेजच्या मध्यावर एकत्र आणून मैदानाकडे तोंड केलं तर फरक पडतो. पूर्ण थांबत नाही, पण काचा थरथरणं कमी होतं. खाडीकाठ, आयोजकांपैकी कुणाशी ओळख असेल तर निरोप द्या, मी संध्याकाळी फुकट येऊन बघून जाईन.

मिशिगनकर | शनिवार, दुपारी १.१५ (आमच्याकडे पहाट)

वा, धागा वाचून एक आठवण. मी मूळचा ठाण्याचा, नौपाड्यात वाढलो. इकडे उन्हाळ्याच्या शेवटी राज्याच्या जत्रा भरतात, त्यांना स्टेट फेअर म्हणतात. गाई-डुकरांची स्पर्धा, काडीला लावून तळलेलं काहीही, आणि रात्री मोठ्या स्टेजवर गाणी. २०१९ मध्ये अशाच एका जत्रेत 'वियर्ड अल' यँकोविकला ऐकलं. विडंबनगीतांचा इकडचा बादशहा. वाद्य कुठलं? अकॉर्डियन! म्हणजे आपल्या पेटीचा गळ्यात अडकवलेला चुलत भाऊ. घरी दारावर आलेल्या विक्रेत्यामुळे लहानपणी अकॉर्डियनचा क्लास लागला, ही गोष्ट तो स्वतःच सांगतो.

१९८४ ला मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'चं त्याने 'ईट इट' केलं, जेवणावर. मी ऐकलं त्या २०१९ च्या दौऱ्यात तर त्याच्यामागे आख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा होता. सुटाबुटातले व्हायोलिनवाले, अतिशय गंभीर चेहरे, आणि पुढे हा माणूस खाण्यापिण्यावर गातोय. ते गंभीर चेहरेच अर्धा विनोद होते. तुमच्या बेंजोवाल्याने पहिल्या दोन ओळी मन लावून म्हटल्या, ते वाचून हेच आठवलं.

त्याचे बरेचसे साथीदार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तेच आहेत. आणि इकडच्या कायद्याने लागत नसली तरी तो मूळ गायकाची परवानगी मागतो. प्रिन्सने कधीच दिली नाही, तर प्रिन्सची गाणी कधीच केली नाहीत.

माझ्या शेजारी मक्याचं कणीस खात एक शेतकरी जोडपं बसलं होतं, सत्तरीचं. त्यांना प्रत्येक शब्द पाठ होता. मला अर्धे संदर्भ कळले नाहीत. हसलो मात्र सगळ्यांबरोबर. भरतीओहोटी, तुमचा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

काळा_कोट | दुपारी ३.००

परवानगीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'विडंबन' असा शब्द कुठेही नाही. कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे, तेवढ्याच आधारावर वाद घालता येतो. चाल जशीच्या तशी उचलून शब्द बदलणं त्यात बसतं की नाही, हे त्या त्या खटल्यावर ठरेल. अमेरिकेत १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने विडंबन रास्त वापर ठरू शकतं असं म्हटलं, ते इथे बंधनकारक नाही.

गंमत पुढे आहे. याच कलमात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभ यांना सूट आहे. म्हणजे हा गृहस्थ तेच गाणं खऱ्या हळदीत वाजवेल तर प्रश्नच नाही. जत्रेच्या स्टेजवर वाजवलं की आयोजकांनी मूळ गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना घ्यायचा.

पारंपरिक धवल्यांच्या चालीला मात्र कुणाचाच हक्क चिकटलेला नसतो. तो वापरा, जन्मभर वापरा.

खाडीकाठ | ३.२०

ताई, धवल्यांवर हक्क नसतो असं आमच्या आळीतल्या धवलारणीला जाऊन सांगा. मी सोबत येणार नाही.

काळा_कोट | ३.२५

माघार.

उन्हाळी_काकडी | ३.५०

धवला म्हणजे?

खाडीकाठ | ४.३०

आमच्याकडे लग्न पूर्वी भटजीने लावत नसत, धवलारीण लावायची. बाई. ती गाऊन विधी करायची, प्रत्येक विधीचा वेगळा धवला. वाद्य नाही, नुसता गळा. आता फार थोड्या उरल्यात, आणि हळदीच्या रात्री डीजेपुढे त्यांना कोणी विचारत नाही. शेवटचं गाणं अर्धं राहिलं असं धागाकर्त्याने लिहिलंय, ते यावरच होतं ना? मी तेव्हा भाकऱ्या थापत होतो, नीट ऐकलं नाही. काकीच्या स्टॉलवर या मोसमात मीच मदतनीस.

भरतीओहोटी | संध्याकाळी ६.४५

हो. तेच लिहायचं राहिलं होतं.

शेवटचं गाणं असं होतं की डीजे आणि धवलारीण यांचं भांडण. तो बेंजोवर डीजेचा आवाज काढायचा, धडधडाट, आणि मध्ये थांबून धवलारणीच्या आवाजात एक ओळ. बायकी आवाज काढून नव्हे, सरळ आपल्याच आवाजात, फक्त हळू. दर वेळी डीजेचा तुकडा लांबत होता आणि तिची ओळ आखूड होत होती. लोक हसत होते. तेवढ्यात पोलीस आले आणि कुणीतरी जनरेटरकडे धावलं. आवाज गेला तो नेमका डीजेचा तुकडा चालू असताना.

तो दोन सेकंद तसाच बसला. मग माइक बाजूला ठेवून धवलारणीची ओळ पूर्ण म्हणाला. पहिल्या चार-पाच रांगांनाच ऐकू आलं असेल. मी क्रेटवर होतो म्हणून पुढे होतो. मागचे लोक उठून निघाले होते, मुलं रडत होती, कुणाची चप्पल हरवली होती. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. त्याने बेंजो पेटीत घातला, ती शंभरला दोनवाली चेन काढून पेटीतच टाकली आणि पोलिसांना म्हणाला, "बसा, भाकरी खाऊन जा." एक पोलीस बसला.

सेक्टर_अठ्ठावीस, तुमच्या फोनचा राग नाही. पण त्या गाण्यात डीजेला कुणीतरी बंद करायलाच हवा होता, आणि ते तुम्ही केलंत, एवढं खरं.

टिंबटिंब | ६.५०

+१

सेक्टर_अठ्ठावीस | रात्री ८.१०

मी आईला हा धागा वाचून दाखवला. ती माहेरची घणसोलीची. आम्ही आगरी नाही, पण तिच्या लहानपणी शेजारच्या लग्नात धवलारीण ऐकलेली तिला आठवते. मला हे आत्ता कळलं. म्हणते, उद्या मला खाली ने.

व्हीलचेअर मैदानात जाते का?

खाडीकाठ | ८.१४

मुख्य कमानीतून नको, तिथे पायऱ्या आहेत. मागच्या फाटकाने या, पार्किंगच्या बाजूने. उतार आहे. पुढे भुसभुशीत माती आहे, चाकं रुततात, मी दोन पोरांना फळ्या टाकायला सांगतो. सात वाजता या, गर्दी कमी असते. तो साडेआठला स्टेजवर येतो.

ताणतंबोरा, आयोजकांशी बोललो. पाच वाजता या. हो म्हणालेत, पण तोंड वाकडं करून.

सेक्टर_अठ्ठावीस | ८.२०

येतो. पण दहानंतर आवाज आला तर फोन परत करणार.

खाडीकाठ | ८.२१

करा. त्याला पावणेदहाला उठायला सांगून ठेवतो. तो ऐकणारा नाही, पण सांगतो.

टिंबटिंब | ८.३०

मीही येतोय. निवट्यांची प्लेट कितीला ते कोणीच सांगत नाहीये.